सात माणसं, सात सीट

मोठी गाडी घ्यायचा विचार वेळापत्रकरावांनी सगळ्यात आधी शेजारच्या दातांच्या डॉक्टरांना सांगितला, आणि तोही त्यांच्या खुर्चीत आडवं पडून, तोंडात कापसाचे बोळे असताना. "ईन आंगांची, ईजेवर आलणारी," एवढंच त्यांना म्हणता आलं. पण डॉक्टरांची सारी हयात असली भाषा ऐकण्यात गेलेली. "तीन रांगांची? विजेवर चालणारी?" असं म्हणून त्यांनी हातातलं यंत्र बंद केलं, स्टूल पुढे ओढलं आणि दाढ तशीच उघडी ठेवून व्याख्यान सुरू केलं.

डॉक्टरांची स्वतःची गाडी जुनीपुराणी आणि पेट्रोलवर चालणारी होती. पण विजेच्या गाड्यांचे व्हिडिओ त्यांनी इतके पाहिले होते की अशी गाडी त्यांच्याकडे नाही हे त्यांना मधूनमधून आठवावं लागे. "कंपनी सांगते त्याच्या निम्मं अंतर धरा," ते म्हणाले. "एसी लावलात की आणखी कमी. चढ लागला की आणखी कमी. आणि गाडी गच्च भरलीत तर मग देवाचं नाव घ्या." वेळापत्रकरावांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते दाढेमुळे की बातमीमुळे हे सांगणं कठीण होतं.

वेळापत्रकराव हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. बस आगारात ते वेळापत्रक विभागाचे प्रमुख होते. कुठली बस कधी सुटणार, कुठल्या कँटीनला किती वेळ थांबणार, तीत किती माणसं बसणार, हे सगळं त्यांच्या टेबलावर ठरायचं. ठिकठिकाणच्या थांब्यांवर ताटकळलेली माणसं त्यांना न ओळखताही रोज शिव्या द्यायची, तेवढीच त्यांची कीर्ती. आणि अशा या माणसाचं स्वतःचं कुटुंब आजवर कुठेही एका वेळी पोचलेलं नव्हतं.

त्याला कारण होतं. वेळापत्रकरावांच्या माथी सात माणसं: बायको, थोरली आणि धाकटी मुलगी, वडील म्हणजे आप्पा, आई, सासूबाई आणि आत्या. दाराशी गाडी म्हणजे एक लहानसं खोकं. त्यामुळे कुठेही निघायचं झालं की अर्धं घर गाडीने आणि अर्धं बसने. मेहुण्याच्या लग्नाच्या फोटोंत अर्धंच घर दिसतं; उरलेलं अर्धं त्या वेळी बसच्या पंक्चर झालेल्या चाकाभोवती नटूनथटून उभं होतं.

आता थोरलीला दूरच्या शहरात नोकरी लागली होती, एका मोठ्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत. जायला चांगला दिवसभराचा रस्ता. "मी एकटी जाईन बसने, त्यात काय एवढं, बाबा?" ती म्हणाली. त्यात काय एवढं, हे वेळापत्रकरावांना सांगता येईना. त्यांना फक्त इतकं वाटत होतं की एकदा, आयुष्यात एकदाच, सगळ्या घराने एका गाडीत बसून कुठेतरी जावं, आणि ते थोरलीला सोडायला जावं. आप्पांचं आता वय झालेलं. थोरली एकदा गेली की सगळी माणसं पुन्हा कधी एका छपराखाली येतील कोण जाणे. म्हणून मोठी गाडी हवी होती, आणि ती थोरलीच्या जाण्याआधी हवी होती. ती विजेची असावी ही अट धाकटीची. "धूर सोडणारी घेतलीत तर मी चालत येईन," असं तिने बजावलं होतं, आणि ती खरंच चालत निघाली असती.

गाडी निवडायला सगळं घर शोरूममध्ये नेणं वेळापत्रकरावांना मान्य नव्हतं. खात्याची पद्धत अशी की कठीणात कठीण प्रवासी आधी बसवून पाहायचा. तो बसला की बाकीचे बसतातच. त्याप्रमाणे त्यांनी घरातून तिघांची निवड केली. आत्या, कारण त्यांचा विस्तार मोठा. आप्पा, कारण त्यांचे गुडघे दुमडायला तयार नसत. आणि धाकटी, कारण तिला चाक असलेल्या कुठल्याही वस्तूत मळमळायचं.

पहिल्या गाडीत आत्या तिसऱ्या रांगेत शिरल्या, पण परतीची वाट त्यांना सापडेना. शोरूमच्या दोन मुली पुढून हात धरून ओढतायत, वेळापत्रकराव मागचं दार उघडून धीर देतायत, आणि आत्या आतून शांतपणे म्हणतायत, "राहू दे रे, मला काही त्रास नाही. चहा तेवढा इकडे पाठव." शेवटी मधली सीट सोडवून काढावी लागली. दुसऱ्या गाडीत आप्पा बसले तेव्हा त्यांचे गुडघे थेट कानांशी आले. "सीट उत्तम आहे," आप्पा म्हणाले. "फक्त माझे कान कुठे ठेवायचे ते यांना विचार." धाकटीला त्या गाडीत उलटी झाली. गाडी जागची हललीसुद्धा नव्हती.

तिसऱ्या शोरूममधली गाडी पाहिली आणि वेळापत्रकरावांनी नकळत चपला काढल्या.

एवढी मोठी गाडी त्यांनी पाहिली नव्हती असं नाही; त्यांचा जन्म बसगाड्यांत गेला होता. पण बस म्हणजे खडखडाट, धूर, फाटकी सीट. ही गाडी नुसती उभी होती आणि तरी तिच्यापुढे आवाज चढवू नये असं वाटत होतं. ते जवळ गेले तशी दाराची मूठ आपणहून बाहेर आली. त्यांनी दचकून "धन्यवाद" म्हटलं. मधलं दार कुणी हात न लावता सरकलं, मधली सीट आपणहून पुढे झाली, आणि आत्या ताठ मानेने तिसऱ्या रांगेत जाऊन चक्क मांडी घालून बसल्या. धाकटीने खोल श्वास घेऊन पाहिला आणि तिला काहीही झालं नाही. आप्पांचे गुडघे गुडघ्यांच्या जागी राहिले. त्यांनी मान मागे टेकली, तर वर सगळी काच. शोरूमच्या उंच खिडकीतून पलीकडचे ढग दिसत होते. 

"आभाळ आहे रे," आप्पा म्हणाले.

वेळापत्रकरावांचा निर्णय तिथेच झाला. "किती जण आहात, सर?" विक्रीवाल्या बाईंनी विचारलं. "सात माणसं," ते म्हणाले. "मग अगदी मापाची आहे," बाई म्हणाल्या. "सात सीट." हा निव्वळ योगायोग नाही असं वेळापत्रकरावांना मनोमन वाटलं.

गाडी चालवून पाहायची वेळ आली तेव्हा मात्र थोडी शोभा झाली. त्यांनी बटण दाबलं. काहीच नाही. पुन्हा दाबलं. पुन्हा काही नाही. ज्या माणसाने जन्मभर इंजिन धडधडल्यावरच बस सुरू झाली असं मानलं, त्याने करावं तरी काय? बाईंनी समजावलं की पहिल्यांदा दाबलं तेव्हाच गाडी सुरू झाली होती, दुसऱ्यांदा त्यांनी ती बंद केली. मग शेजारी बसलेल्या आप्पांनी त्यांचा हात धरून ठेवला आणि गाडी निघाली. निघाली म्हणजे, समोरचा रस्ता गुपचूप जवळ येऊ लागला. पानाच्या टपरीवरचं बोलणं ऐकू आलं, सायकलची चेन ऐकू आली, एका घरातला कुकर ऐकू आला. सगळं शहर एवढं बोलत असतं हे वेळापत्रकरावांना ठाऊकच नव्हतं. ते इतके भारावले की घरी आल्यावर जेवताना कुणी भुरका मारला तरी त्यांच्या कपाळावर आठी पडू लागली.

पुढच्या रविवारी दुपारी त्यांनी बैठकीच्या खोलीत रंगीत तालीम घेतली. गाडीच्या माहितीपत्रकातलं चित्र समोर ठेवून खुर्च्या मांडल्या: पुढे दोन, मध्ये तीन, मागे दोन. त्यांच्याही पुढे एका स्टुलावर, हातात जेवणाचं ताट धरून, स्वतः चालक. मग प्रत्येकाची जागा ठरली. थोरली आणि धाकटी मागे, कारण त्यांची हाडं कोवळी. आई आणि सासूबाई एकमेकींशी अतिशय गोड बोलत, त्यामुळे मधल्या रांगेत दोघींच्या मध्ये आत्यांना ठेवलं. पुढे डाव्या खुर्चीवर आप्पा आणि उजव्या खुर्चीवर बायको.

"सगळे बसले का?" वेळापत्रकरावांनी ताट वळवत विचारलं.

"बसले," सगळे म्हणाले.

शेजारचे डॉक्टर निरीक्षक म्हणून आले होते. त्यांनी खुर्च्यांभोवती फेरी मारली, आत्यांच्या खुर्चीचा पाय हलवून पाहिला आणि म्हणाले, "वजनाची वाटणी ठीक आहे. पण सामान कुठे ठेवणार? तिसरी रांग उघडली की मागे फक्त एक पिशवी राहते." हा मुद्दा बिनतोड होता. थोरलीच्या ट्रंका आणि गादी आगाराच्या बसने पार्सल म्हणून पाठवायचं ठरलं, आणि वेळापत्रकरावांनी डॉक्टरांचा सल्ला आयुष्यात पहिल्यांदा मानला.

आता राहिला चार्जर. पार्किंगमध्ये चार्जर बसवायचा म्हणजे सोसायटीच्या सेक्रेटरींची परवानगी हवी. सेक्रेटरी हा माणूस जिना झाडायलाही ठराव मागायचा. "आणि विजेची गाडी पेटली तर?" त्यांनी विचारलं.

"पेट्रोलची पेटली तर?"

"त्याचा ठराव आधीच झालाय."

विजेची गाडी पेटण्याचाही ठराव एकमताने मंजूर झाला, तेव्हा वीज कचेरीतल्या साहेबांनी सांगितलं की गाडी आल्याशिवाय चार्जरचा मीटर देता येत नाही. शोरूमने सांगितलं की चार्जर बसल्याशिवाय गाडी देता येत नाही. वेळापत्रकराव दोन्हीकडे हेलपाटे घालून थकले. त्यांच्या खात्यातही असले पेच होते, पण ते त्यांनी स्वतः तयार केलेले होते. दुसऱ्याच्या पेचात अडकायची त्यांना सवय नव्हती. थोरलीचा जायचा दिवस जवळ येत चालला आणि त्यांची झोप उडाली. शेवटी आत्या आपली घडीची खुर्ची घेऊन वीज कचेरीत गेल्या आणि साहेबांच्या टेबलासमोर बसल्या. "सावकाश करा," त्या म्हणाल्या. "मला घरी काही काम नाही. बोलायला माणूस मिळालं की मला बरं वाटतं." मग त्यांनी आपल्या पित्ताशयाच्या ऑपरेशनपासून सुरुवात केली. ऑपरेशन संपायच्या आत मीटर मिळाला.

तरीही गाडी दाराशी आली ती निघण्याच्या आदल्या संध्याकाळी. सगळी सोसायटी खाली उतरली. सेक्रेटरींनी गाडीला लांबून नमस्कार केला. डॉक्टरांनी बॉनेटवर हात ठेवला आणि तो उचलायचं ते विसरून गेले.

सकाळी निघायची वेळ झाली. तालमीचा असा उपयोग झाला की कुणी घोळ घातला नाही. दारं सरकली. थोरली आणि धाकटी मागे गेल्या. आई, आत्या, सासूबाई मध्ये बसल्या. आप्पा पुढे डावीकडे. बायको पुढे उजवीकडे. वेळापत्रकराव बाहेर उभे राहून एकेक चेहरा पाहत होते. काचेच्या छपरातून उजेड थेट सगळ्यांच्या डोक्यांवर पडला होता. आईचे पांढरे केस, धाकटीची तिरकी वेणी, आप्पांचं टक्कल. सगळे एका गाडीत. त्यांचा ऊर भरून आला. आपण काहीतरी फार मोठं केलं असं त्यांना वाटलं, आणि ते चालवायला बसण्यासाठी गाडीला वळसा घालून उजव्या दाराशी गेले.

उजव्या दाराआड बायको बसली होती. तिच्या पुढ्यात स्टिअरिंग होतं.

"तू इथे कशी?"

"कशी म्हणजे? तुम्ही बसवलंत तिथंच बसलेय. पुढची रांग, उजवी खुर्ची."

वेळापत्रकरावांनी बायकोच्या पुढे पाहिलं. तिथे काच होती. काचेच्या पुढे बॉनेट होतं. स्टूल कुठेच नव्हतं. त्यांनी मनातल्या मनात पुढचे दोन, मधले तिघं, मागचे दोघं असा हिशोब पुन्हा केला, आणि त्यांना घाम फुटला. खात्यात बसच्या आसनांचा आकडा सांगताना ड्रायव्हर कधीच धरत नाहीत. ड्रायव्हर हा प्रवासी नव्हे. आसनांच्या नकाशात त्याची सीट काढायचीसुद्धा पद्धत नाही. जन्मभर त्यांनी तशीच माणसं मोजली होती आणि घरातलीही तशीच मोजली होती. सात माणसं. आणि आपण.

"सगळे बसले का?" बायकोने मागे वळून विचारलं.

"नाही," सगळ्यात मागून थोरलीचा आवाज आला. "एक माणूस खाली राहिलाय."

मग एकच गलका झाला. आप्पा म्हणाले मी उतरतो, मला तसंही घरी बरं वाटतं. आई म्हणाली तुम्ही उतरणार असाल तर मीही उतरते. सासूबाई म्हणाल्या छे छे, उतरायचं तर मीच, मी काय, बाहेरची. त्यावर आई अतिशय गोड आवाजात काहीतरी म्हणाली. वरून गॅलरीतून डॉक्टर ओरडले, "एकाला मांडीवर घ्या!" सेक्रेटरींनी तसं करणं नियमात बसत नाही असं सांगितलं. वेळापत्रकरावांचे कान लाल झाले होते. एवढी निवड, एवढी तालीम, आणि गाडीचा मालक रस्त्यावर. पण आत बसलेल्यांपैकी एकालाही उतरवायचं त्यांच्या मनात येईना. ते चित्र त्यांना मोडवेना.

"कुणीही उतरायचं नाही," ते म्हणाले. "सामान बसने जातंय. सामानाबरोबर माणूस लागतंच. ते आधीपासून माझ्या डोक्यात होतं."

कुणाचाही विश्वास बसला नाही, पण बायकोने पट्टा लावून स्टिअरिंग धरलं.

बसमध्ये वेळापत्रकरावांना खिडकी मिळाली. कंडक्टर त्यांना पाहून उभाच राहिला. "साहेब, तुम्ही? तपासणी आहे का?" "सामान आहे," ते म्हणाले. शहर मागे पडलं, बस खडखडायला लागली, आणि शेजारच्या गृहस्थांनी वेळापत्रक बनवणाऱ्याच्या अकलेचा उद्धार सुरू केला. वेळापत्रकरावांनी मान डोलावली. त्या क्षणी त्यांचंही तेच मत होतं.

इतक्यात मागून ती आली. आवाज नाही, काही नाही. खिडकीशेजारी अचानक एक लांबलचक चकचकीत भिंत सरकू लागली. बसमधली माणसं खिडक्यांना नाकं लावून पाहू लागली. वेळापत्रकराव वरून पाहत होते, त्यामुळे काचेच्या छपरातून त्यांना आपलं सगळं घर दिसलं. बायको ताठ बसून चालवत होती, आणि ती इतकी छान चालवते हे त्यांच्या कधी लक्षात आलं नव्हतं. आत्या झोपल्या होत्या. आई आणि सासूबाई त्यांच्या पोटावरून एकाच डब्यातलं काहीतरी खात होत्या. आप्पा मान मागे टेकून आभाळ पाहत होते. आजवर वेळापत्रकराव स्वतः नेहमी या घराच्या आत कुठेतरी कोंबलेले असायचे. हे घर असं बाहेरून, पुरतं, त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. ते किती मोठं होतं आणि किती सुंदर होतं. त्यांना चक्क हात जोडावेसे वाटले.

"काय गाडी आहे हो!" शेजारचे गृहस्थ म्हणाले. "कुणाची असेल?"

"माझी," वेळापत्रकराव म्हणाले.

गृहस्थांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि थोडं सरकून बसले.

डॉक्टरांचं भाकीत अखेर अर्धंमुर्धं खरं ठरलं. गाडीला मध्यावर चार्जिंग लागलं. चार्जिंगचं यंत्र नेमकं बसच्या कँटीनच्या आवारात होतं, आणि त्या यंत्रापुढे आधीच एक गाडी होती. त्यामुळे बस पोचली तेव्हा घर अजून तिथेच होतं. या कँटीनला बस इतका वेळ का थांबते म्हणून वर्षानुवर्षं तक्रारी आल्या होत्या. वेळापत्रकरावांनी त्या सगळ्या फेटाळल्या होत्या. आज त्यांना त्याचं फार बरं वाटलं. सगळ्यांनी गाडीभोवती उभं राहून चहा घेतला. वेळापत्रकराव कौतुकाने गाडीचं एकेक दार उघडून, मिटून पाहत होते. कंडक्टरने घंटी मारली, तेव्हा थोरली पर्स खांद्याला लावून त्यांच्यामागून बसकडे निघाली.

"तू कुठे?"

"तुमच्याबरोबर."

"अगं, पण एवढी गाडी घेतली ती सगळ्यांनी एकत्र जायला! आता एक सीट रिकामी जाईल."

"जाऊ दे ना, बाबा. आठ जण काही मावत नाहीत. दोघं तरी एकत्र जाऊ."

शेजारच्या गृहस्थांनी जागा दिली. उरलेला रस्ता थोरली खिडकीशी आणि वेळापत्रकराव तिच्या शेजारी. ते तिला प्रत्येक थांब्याची हकीकत सांगत होते: इथे बस का थांबते, तिथे का थांबत नाही, कुठल्या गावाने मोर्चा आणला होता. ती सगळं ऐकत होती. मग तिने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि तिला झोप लागली. ती लहान असताना अशी झोपायची, पण तेव्हा त्यांना नेहमी कुठेतरी पोचायची घाई असायची. आज बस रखडावी, पंक्चर व्हावी, काहीही व्हावं असं त्यांना वाटत होतं. बस अगदी वेळेवर पोचली. त्यांच्या सगळ्या नोकरीत असं क्वचितच झालं होतं.

थोरलीची खोली लहान पण उजेडाची होती. गादी घातली, ट्रंका लावल्या, आईने आणि सासूबाईंनी मिळून खिडकी दोनदा पुसली. मग करण्यासारखं काही उरलं नाही.

सगळे खाली आले. "आता तुम्ही चालवा," बायको म्हणाली. "सकाळपासून मनात आहे तुमच्या." वेळापत्रकरावांनी मान हलवली आणि ते मधली सीट सरकवून तिसऱ्या रांगेत, धाकटीच्या शेजारी जाऊन बसले. जागा ऐसपैस होती. पायही नीट मावले. वर काचेत संध्याकाळचं आभाळ होतं. आणि मागच्या काचेतून थोरली दिसत होती, फाटकाशी हात हलवत उभी. पुढे दोन, मध्ये तिघं, मागे दोघं. गाडी अगदी मापाची भरली होती.

"सगळे बसले का?" बायकोने आरशात पाहत विचारलं.



"नाही," तिसऱ्या रांगेतून वेळापत्रकराव म्हणाले. "एक माणूस खाली राहिलाय."

बायकोने बटण दाबलं. गाडी सुरू झाली की नाही, ते आवाजावरून कुणालाच कळलं नाही.